वाचकांचे प्रश्न: वाळवंटातल्या धरणाचं पाणी रोज कशाला मोजायचं?

गेल्या अंकात मी अमेरिकेतल्या हूवर धरणाच्या जलाशयाबद्दल, म्हणजे लेक मीडबद्दल, जेमतेम दोन परिच्छेद लिहिले होते. तिथे पाण्यावर तरंगता तराफा बांधून ठेवलाय, त्यावरून यंत्र दिवसरात्र पाण्यात खालीवर होत असतं आणि वर्षानुवर्षं आकडे नोंदवत असतं, एवढंच. त्यावर इतकी पत्रं येतील असं वाटलं नव्हतं. सगळ्यांना उत्तर देता येत नाही, पण काही प्रश्न असे आहेत की त्यांच्यावर नीट बोलायलाच हवं.

ताई, मुलगा लास वेगासला असतो, आम्ही दोघं मागच्या वर्षी हूवर धरण बघून आलो. पाणी इतकं निळंशार की तळ दिसेल असं वाटतं, काठाला मात्र डोंगरावर पांढरा पट्टा. एवढ्या स्वच्छ पाण्याची सतत तपासणी कशाला? – एक वाचक, नाशिक

काका, तुम्ही पांढरा पट्टा बघितलात हे बरं झालं, कारण खरी गोष्ट तिथूनच सुरू होते. तो रंग नाही, चुन्याचा थर आहे. पाण्यात विरघळलेला कॅल्शियम कार्बोनेट खडकावर बसत जातो, आपल्या गीझरच्या कॉइलवर बसतो ना अगदी तसाच, आणि पाणी खाली गेलं की तो उघडा पडतो. 2000 च्या सुरुवातीला पाणी समुद्रसपाटीपासून 1,214 फुटांवर होतं आणि जुलै 2022 मध्ये ते 1,040 फुटांच्या आसपास आलं, म्हणजे पन्नास मीटरपेक्षा जास्त उतरलं. 1937 साली धरण भरत होतं तेव्हापासूनची ती सगळ्यात खालची पातळी, साठा फक्त 27 टक्के. धरण पूर्ण भरलं तर कोयनेसारखी दहा धरणं त्यात मावतील एवढं मोठं, आणि ते आहे कुठे तर वर्षाला जेमतेम शंभर मिलिमीटर पाऊस पडतो अशा वाळवंटात. पाणी जवळजवळ सगळं कोलोरॅडो नदीचं, तेही शेकडो मैलांवरच्या रॉकी पर्वतातला बर्फ वितळून येणारं.

आता स्वच्छतेचं. पाणी निळं दिसतं म्हणजे त्यात गाळ आणि शेवाळ कमी आहे एवढंच कळतं. क्षार डोळ्याला दिसत नाहीत, रोगजंतू दिसत नाहीत, आणि तुमच्या मुलाच्या नळाला येणारं पाणी याच जलाशयातून येतं, लास वेगास खोऱ्याची नव्वद टक्के तहान हेच पाणी भागवतं. आणि त्या शहराचं सांडपाणी जातं कुठे? प्रक्रिया करून लास वेगास वॉश नावाच्या ओढ्यातून परत याच जलाशयात. नेवाडा राज्याच्या वाट्याला वर्षाला फक्त तीन लाख एकर-फूट पाणी आहे, आपल्या भाषेत 13 टीएमसी, आणि जेवढं पाणी शुद्ध करून परत सोडतील तेवढं पुन्हा उचलायची मुभा मिळते, म्हणून ते घरातल्या मोरीचं, संडासाचं पाणीसुद्धा जवळजवळ सगळं परत देतात. हिशोब म्हणून उत्तम. पण त्यामुळे शहराचा नाला जिथे सरोवरात शिरतो आणि शहराचा जॅकवेल जिथे पाणी उचलतो त्या दोन्ही जागा एकाच खोऱ्यात, एकमेकींपासून काही किलोमीटरवर आल्या. ज्या घरात पाण्याचा माठ आणि मोरी शेजारीशेजारी असते तिथली बाई दिवसातून चार वेळा नजर टाकतेच ना तिकडे, तसंच आहे हे.

शिवाय ते एकट्या वेगासचं पाणी नाही, खाली ॲरिझोना, कॅलिफोर्निया, मेक्सिकोपर्यंत दोन-अडीच कोटी लोक आणि प्रचंड शेती त्यावर आहे.

आमचं गाव उजनीच्या फुगवट्याला आहे. उन्हाळ्यात पाणी हिरवंगार होतं, वास येतो, मोटारीच्या फुटबॉलला (फूट व्हॉल्व्हला) शेवाळ गुंडाळतं. त्या अमेरिकेच्या धरणात असं कधी होतं का? झालं तर ते काय करतात? – एक शेतकरी, इंदापूर तालुका

दादा, तुमचं पत्र वाचून मी बराच वेळ नुसती बसून होते. होतं, तिथेही झालंय, आणि 2001 सालचं त्यातलं सगळ्यात मोठं. लास वेगासचा तो नाला ज्या खाडीसारख्या भागात शिरतो तिथे पाणी असं हिरवं झालं की बोटीच्या मागे हिरवा पट्टा उठायचा, आणि ते तेवढ्यात न थांबता पुढे मोठ्या खोऱ्यात पसरलं. पिरामिक्लॅमिस नावाचं हिरवं शेवाळ होतं ते, विषारी जातीचं नव्हतं, पण लोक घाबरले आणि घाबरायलाच हवं होतं.

आता फरक कुठे पडला ते सांगते. त्यांच्याकडे त्या खाडीच्या फॉस्फरसच्या, क्लोरोफिलच्या (म्हणजे शेवाळातल्या हिरव्या रंगद्रव्याच्या), तापमानाच्या आधीच्या अनेक वर्षांच्या नोंदी होत्या, ठरलेल्या जागांवरच्या, ठरलेल्या खोलीवरच्या. त्यामुळे "हे उन्हामुळे झालं", "हे दरवर्षीच होतं", "हे वरच्या नदीतून आलं" असली बोलणी फार टिकली नाहीत. शेवाळाला लागतो फॉस्फरस, त्या सरोवरात तो मुळात फार थोडा, आणि त्या कोपऱ्यात तो येतो शहराच्या सांडपाण्यातून. तोवर प्रक्रिया केंद्रांवर फॉस्फरस काढायची सक्ती वर्षाच्या काही महिन्यांपुरतीच होती, 2001 नंतर ते बाराही महिने काढायला लागले आणि खाडीतला फॉस्फरस उतरला, तोही नोंदीत दिसला. नुसती तक्रार केली की समिती बसते, पण दहा वर्षांचा आलेख समोर ठेवला की बोलायला जागा राहत नाही, हे मी माझ्या नोकरीच्या काळात बघितलंय.

याच सरोवराची दुसरी बाजू ऐकली तर तुम्हाला आश्चर्य वाटेल. 1963 साली वरच्या अंगाला ग्लेन कॅन्यन धरण झालं, नदीचा गाळ तिकडेच अडकायला लागला आणि गाळाबरोबर येणारा फॉस्फरसही. मग मीडच्या वरच्या भागातलं पाणी इतकं निकस झालं की मासे वाढेनात, आणि 1987 साली ओव्हरटन आर्म नावाच्या फाट्यात लोकांनी बोटी नेऊन चक्क द्रवरूप खत ओतलं, प्रयोग म्हणून! म्हणजे एकाच जलाशयाच्या एका टोकाला खत जास्त झालं म्हणून ओरड आणि दुसऱ्या टोकाला कमी पडलं म्हणून खत टाकणं. म्हणून "धरणाचं पाणी चांगलं आहे की वाईट" या प्रश्नाला एका बाटलीत उत्तर मिळत नाही, कुठलं टोक, कुठली खोली, कुठला महिना हे आधी विचारायचं.

उजनीचं दुखणं वेगळं आणि जास्त अवघड आहे. लास वेगास स्वतःचं सांडपाणी स्वतःच्या पिण्याच्या पाण्यात सोडतं म्हणून त्याला ते साफ करावंच लागतं. भीमेत येतं पुणे-पिंपरी चिंचवडचं सांडपाणी आणि ते पितो, शेताला लावतो तो खालचा माणूस, म्हणजे तुम्ही. ज्याची घाण त्याच्या घशाशी येत नाही. यात नुसती तपासणी पुरणार नाही हे मला कळतं, पण तपासणी नसेल तर तुमच्या हातात काहीच नाही, म्हणून माझं कळकळीचं सांगणं आहे की गावाने स्वतःची वही सुरू करा. कशी ते शेवटच्या उत्तरात आहे, तेवढं वाचाच.

मॅडम, मी सिव्हिलला तिसऱ्या वर्षाला आहे. एवढ्या खोल जलाशयात नेमकं काय काय आणि कसं मोजतात? वरचं पाणी घेतलं तर चालणार नाही का? – विद्यार्थी, कराड

नाही चालणार, आणि का नाही ते समजलं की अर्धा विषय समजला बघ. उन्हाळ्यात लेक मीडचं वरचं पाणी सत्तावीस-अठ्ठावीस अंशांपर्यंत तापतं आणि तळाचं राहतं बारा-तेराला, कोमट पाणी हलकं असतं म्हणून ते गार पाण्यावर साईसारखं तरंगत राहतं आणि दोघं मिसळत नाहीत. त्या मधल्या सीमेवर तापमान थोड्याच मीटरमध्ये धाडकन उतरतं. खालच्या पाण्याला हवा लागत नाही, तिथला ऑक्सिजन हळूहळू खर्च होत जातो, मग हिवाळ्यात वरचं पाणी गार होऊन जड होतं, खाली बसतं आणि जलाशय ढवळला जातो. पण मीड खोल आहे, भरलेलं असताना दीडशे मीटरच्या वर, त्यामुळे काही हिवाळ्यांत ढवळणं तळापर्यंत पोचतच नाही आणि मग त्या तळाला पुढचं सबंध वर्ष जुन्या ऑक्सिजनवर काढावं लागतं. कुठला हिवाळा पोचला आणि कुठला नाही हे वरून बघून सात जन्मात कळणार नाही.

म्हणून सॉन्ड वापरतात. हातभर लांबीची नळी समज, तिच्या टोकाला पाचसहा सेन्सर: तापमान, पीएच, विरघळलेला ऑक्सिजन, विद्युतवाहकता, गढूळपणा, क्लोरोफिल. ती केबलला लावून वरून खाली सोडायची आणि ठरावीक खोलीला थांबवून रीडिंग घ्यायचं. अमेरिकेच्या भूगर्भ सर्वेक्षण खात्याने सेंटिनल बेटाजवळ आणि इतर ठिकाणी तराफे नांगरून ठेवले, त्यावर सौर पॅनेल आणि विंच, दिवसातून अनेकदा सॉन्ड आपोआप खालीवर जाते आणि आकडे ऑफिसात येतात. त्याशिवाय माणसं बोटीने जाऊन बाटल्या भरतातच, कारण फॉस्फरस, जंतू, सूक्ष्म रसायनं असलं काही सेन्सरला कळत नाही, त्याला लॅबच लागते.

यातली वाहकता हा माझा सगळ्यात आवडता आकडा, स्वस्त आणि खरं बोलणारा, पाणी जितकं खारं तितकी ती जास्त. वेगासच्या नाल्याचं पाणी सरोवराच्या दुपटीहून जास्त खारं आहे, त्यामुळे ते आत शिरलं की लगेच मिसळत नाही, आपल्या वजनाप्रमाणे थर शोधतं, हिवाळ्यात तळाने सरपटत जातं आणि उन्हाळ्यात त्या मधल्या सीमेवर पसरतं. सॉन्ड खाली सोडताना एका खोलीवर वाहकता एकदम चढली आणि पुढे परत उतरली, की समजायचं नाला इथून चाललाय. जॅकवेलचं तोंड कुठल्या खोलीला ठेवायचं हे असल्या आलेखांवरून कळतं.

लेक मीड आटलं तेव्हा पाणी कमी झालं हे सगळ्यांनी दाखवलं, पण पाण्याच्या गुणवत्तेचं काय झालं? आमच्या जायकवाडीत मृतसाठा उपसतात तेव्हा गढूळ येतं तसंच का? – एक शिक्षिका, छत्रपती संभाजीनगर

प्रश्न फार चांगला आहे बाई. पहिली गोष्ट क्षारांची. त्या सरोवरावरून वर्षाला सहा फुटांच्या आसपास पाणी वाफ होऊन उडतं. वाफ जाते ती शुद्ध पाण्याची, मीठ मागेच राहतं, आमटी जास्त उकळली की खारट होते तसं. कोलोरॅडोच्या क्षारांवरून अमेरिका आणि मेक्सिकोचं भांडण झालं होतं, 1973 मध्ये करार झाला, 1974 मध्ये अमेरिकेने क्षार नियंत्रणाचा कायदा केला आणि मग हूवर धरणाच्या खाली लिटरला 723 मिलिग्रॅम ही वरची मर्यादा ठरली. ही मर्यादा वर्षाच्या सरासरीवर आहे, म्हणजे वर्षभर मोजल्याशिवाय ती पाळली की मोडली हेही सांगता येत नाही.

दुसरी गोष्ट जॅकवेलची, आणि गढूळपणापेक्षा मला हीच महत्त्वाची वाटते. पातळी खाली आली की इनटेकचं, म्हणजे पाणी आत घेणाऱ्या वाटेचं, तोंड त्या कोमट, शेवाळाच्या थराच्या जवळ जातं. तोंड जागेवरच असतं, थर खाली येतो. वेगासचा पहिला इनटेक 1,050 फुटांवर होता, एप्रिल 2022 मध्ये त्याचं तोंड पाण्याबाहेर उघडं पडलं. शहर तरीही कोरडं पडलं नाही कारण 860 फुटांवरचा तिसरा इनटेक 2015 मध्येच तयार होता, सरोवराच्या तळाखालून जवळजवळ पाच किलोमीटरचा बोगदा काढून. तो इतका खोल का घेतला? एक कारण पातळीचं उघडच आहे, पण दुसरं हे की तिथलं पाणी गार आणि चांगलं असतं, आणि हे कुणाला स्वप्नात दिसलं नव्हतं, वर्षानुवर्षं वरपासून तळापर्यंत घेतलेल्या नोंदींत होतं.

आणि हो, पाणी मागे हटलं की उघड्या पडलेल्या गाळातून ओढे नव्याने चर पाडतात, तो गाळ परत पाण्यात येतो. जायकवाडीचा तुमचा अनुभव त्याच जातीचा.

तेच तेच पंचवीस-तीस वर्षं मोजून नवीन काय कळतं? एकदा सखोल सर्व्हे केला की पुरे नाही का? इतका खर्च कशाला? – एक वाचक, पुणे

नाही पुरे. आणि यावर मी जरा जास्त बोलणार आहे, कारण नोकरीत हा प्रश्न मला बजेटच्या प्रत्येक बैठकीत विचारला गेलाय.

परक्लोरेटचं घ्या. रॉकेटच्या इंधनात लागणारं रसायन, थायरॉइडला लागणारं आयोडीन अडवतं. लास वेगासजवळच्या हेंडरसनमध्ये ते बनवायचे, ते जमिनीत मुरलं, भूजलातून नाल्यात, नाल्यातून मीडमध्ये, मीडमधून खालच्या राज्यांच्या नळात. कुणाला पत्ता नाही, कारण तेव्हाच्या पद्धतीला इतकं थोडं प्रमाण दिसायचंच नाही. 1997 मध्ये अब्जात चार भाग इतकं बारीक पकडणारी पद्धत आली, कोलोरॅडोच्या पाण्यात ते सापडलं आणि माग काढत लोक वर वर जात हेंडरसनला पोचले. मग भूजल उपसून साफ करायला घेतलं आणि नाल्यातून येणारं परक्लोरेट नव्वद टक्क्यांहून जास्त कमी झालं. हे "नव्वद टक्के" कशावरून म्हणता येतं? सापडल्या दिवसापासून त्याच जागी मोजत राहिले म्हणून. 1996 मध्ये कुणी अगदी सखोल सर्व्हे करून फाइल बंद केली असती तर त्या फाइलीत परक्लोरेट हा शब्दसुद्धा नसता.

दुसरं, क्वागा शिंपले. जानेवारी 2007 मध्ये मीडमध्ये सापडले, मूळचे युक्रेनकडचे, नखाएवढे, बोटींना चिकटून आले असं मानतात. ते पाणी गाळून त्यातलं शेवाळ खातात, पाणी जास्त नितळ दिसायला लागतं आणि बघणाऱ्याला वाटतं वा, सुधारलं! पण ते पाइपांत थर धरतात, सॉन्डवर सुद्धा बसतात, आणि माशांच्या पिल्लांचं अन्नच काढून घेतात. त्यात त्याच वर्षांत सांडपाण्यातला फॉस्फरसही कमी झालेला, मग पाणी नितळ झालं ते कशामुळे, शहराच्या कामामुळे की शिंपल्यांमुळे? 2007 च्या आधीच्या नोंदी हातात असतील तरच या दोन गोष्टी वेगळ्या काढायचा प्रयत्न तरी करता येतो. आधीचे आकडे नंतर जाऊन आणता येत नाहीत हो, पैसे कितीही टाका.

आणि एक माझ्या डोळ्यासमोर घडलेलं. मी जिथे काम करायचे तिथे एका तलावाची अकरा वर्षांची ऑक्सिजनची नोंद होती. नवीन मीटर आला, झकास होता, आणि जुना त्याच आठवड्यात भंगारात गेला, दोन्ही मीटर काही महिने शेजारी शेजारी चालवून बघा म्हणून मी सांगितलं होतं, लेखीसुद्धा दिलं होतं, कुणी ऐकलं नाही. पुढच्या महिन्यापासून आकडे एकदम वर. पाणी तेच, मीटर बदललेला, पण आता ती उडी मीटरची किती आणि पाण्याची किती हे कुणालाच सांगता येईना आणि अकरा वर्षांची वही तिथेच तुटली. मला अजून वाईट वाटतं त्याचं. खर्च म्हणाल तर सगळ्यात महाग पडतं ते हे, दहा वर्षं मोजून मग साखळी तोडणं.

मी हेंडरसनला राहते. नळाचं पाणी थेट प्यावं का? चहाच्या भांड्यात पांढरं बसतं. – एक वाचक, नेवाडा

पांढरं बसतं तो कॅल्शियम, तोच डोंगरावरचा पट्टा. पाणी जड आहे, त्याने भांडी खराब होतात, तब्येत नाही. तिथे ओझोन देऊन, गाळून, क्लोरीन घालून पाणी येतं. शहराच्या पाणी विभागाचा वार्षिक अहवाल प्रत्येक ग्राहकाला मिळतो, तो मागवून परक्लोरेट आणि टीडीएसच्या (विरघळलेल्या क्षारांच्या) ओळी स्वतः वाचा. भांड्यात थोडं व्हिनेगर घालून उकळा, निघेल.

आमच्या शाळेच्या मुलांना गावच्या पाझर तलावाचं पाणी मोजायचं आहे. पैसे नाहीत. काय करता येईल? – मुख्याध्यापक, माण तालुका

सर, तुमच्यासाठी आणि इंदापूरच्या दादांसाठी एकच उत्तर. पत्र्याची किंवा जाड प्लास्टिकची वीस सेंटिमीटर व्यासाची चकती कापा, चार भाग करून दोन काळे दोन पांढरे, समोरासमोर, ऑइलपेंटने रंगवा. मधोमध भोक, खाली वजन म्हणून दगड किंवा लोखंडी नट, वर दोरी, दोरीला दर दहा सेंटिमीटरवर खूण. दोरी न ताणणारी घ्या. याला सेक्की डिस्क म्हणतात, दीडशे वर्षांपासून जगभर अशा चकत्या वापरतात, लेक मीडवरची माणसंसुद्धा एवढी यंत्रं असून ही बरोबर घेऊन जातात.

सकाळी दहा ते दुपारी दोनच्या मध्ये, सावलीच्या बाजूने, चकती खाली सोडा. दिसेनाशी झाली की खोली बघा, वर ओढताना परत दिसली की परत बघा, दोन्हींची सरासरी लिहा. जागा एकच, तीच, सांडव्याच्या भिंतीवरून असेल तर कायम तिथूनच, आणि मुलांबरोबर पोहता येणारं मोठं माणूस हवंच. सोबत साधा थर्मामीटर, आणि जमलं तर एक टीडीएस मीटर, काही शे रुपयांत मिळतो. दर पंधरा दिवसांनी ठरलेल्या वारी. पाऊस झाला होता का, पाण्याची पातळी कुठल्या दगडापर्यंत होती, रंग कसा, वास होता का, मेलेले मासे दिसले का, कुणी मोजलं, हे सगळं तारखेसकट. चुकलं तर खोडू नका, एक रेघ मारून शेजारी बरोबर आकडा लिहा. आणि वहीत पेन्सिलनेच लिहायला सांगा, पेनाची शाई पाणी लागलं की पसरते.